जावईबापूंची फाइल

तळोदा, २३ एप्रिल २०२६

जावईबापू हेमकांतराव यांना रूपचंद पाटलाचा रामराम.

पोस्टाने आलेलं पत्र बघून नवल वाटलं असेल. कारण सांगतो. आमच्यात जावयाशी तोंडाने भांडत नाहीत, आणि मला तर भांडायचं आहे. कागदावर भांडलेलं कोणी धरत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून घेतलं आहे.

आखाजी, तुमच्या पुण्याची अक्षय्यतृतीया, होऊन गेली. आमच्या गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, गाणी झाली. आमची रोशनी मात्र मोलगीच्याही वर, डोंगरातल्या संस्थेच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरीण होऊन बसली आहे. सणाला नाही आली, तर निदान फोनवर दिसावी म्हणून तिची आई सरलाबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती. फोन लागला. रोशनीचं तोंड अर्धं दिसलं आणि तिथेच थिजलं. आवाज एका शब्दाला यायचा, दोन शब्दांना जायचा. सरलाबाई म्हणाल्या, "पोर काय बोलनी ते मले काहीच समजनं नही."

हे असं का झालं ते मला लगेच समजलं. संस्थेच्या वरच्या केंद्रातल्या राउटरमध्ये मी माझ्या हाताने एक छोटा नियम टाकला होता. निव्वळ तपासणीचा. बघतो तर तो पुसलेला. पुन्हा टाकला. चहा पिऊन आलो, पुन्हा पुसलेला. तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, जावईबापू. खांबावर चढून मधमाश्या चावून घेतल्या, पण माझं केलेलं काम माझ्या पाठीमागे पुसायची हिंमत कोणा साहेबाने केली नाही. ती तुमच्या यंत्राने केली. आता तुम्ही म्हणाल, यंत्राला काय कळतं. तेच तर मी म्हणतो आहे.

संस्थेचं इंटरनेटचं जाळं मी निवृत्तीनंतर सेवा म्हणून सांभाळतो. तुम्हाला रोशनीच्या शब्दाखातर मदतीला आत घेतलं. पाहुण्याने ओसरीवर बसावं, चहा घ्यावा, चुलीतली लाकडं मागेपुढे करू नयेत.

आपला,
रूपचंद हिरालाल पाटील


पुणे, ३० एप्रिल २०२६

आदरणीय मामा, सादर नमस्कार.

पत्र मिळालं. शेवटचं हस्तलिखित पत्र मला शाळेत असताना आलं होतं, त्यामुळे वाचताना जरा जुन्या काळात गेल्यासारखं वाटलं. आपल्या पत्रातल्या तांत्रिक भागाबद्दलही तसंच वाटलं.

समजेल अशा भाषेत सांगतो. वरच्या केंद्रातून खाली यायला दोन वाटा आहेत. एक फायबरची, जलद. जलद म्हणजे डोंगराच्या मानाने. एका वेळी एकच चित्र धड चालेल इतपत. दुसरी टॉवरवरून टॉवरवर उड्या मारत येणारी, रडतखडत. कोणाचं बोलणं कोणत्या वाटेने जायचं हे राउटरमधले नियम ठरवतात. ज्याला पहिला मान, तो बोलायला लागला की फायबर त्याची. बाकीचे आपोआप टॉवरवर ढकलले जातात.

आजवर आपण काय करत होतात? प्रत्येक राउटरमध्ये शिरून हुकूम सोडायचे: हे कर, मग ते कर. कोणता हुकूम कधी दिला हे आपल्याला तरी आठवतं का? आता तसं नाही. एका फाइलीत फक्त लिहून ठेवायचं की जाळं कसं असायला हवं. ते तसं कसं करायचं हे टूल, आपण म्हणता ते यंत्र, बघून घेतं. दर पंधरा मिनिटांनी ते फाइल आणि राउटर ताडून पाहतं. फाइलीत आहे आणि राउटरमध्ये नाही, ते घालतं. राउटरमध्ये आहे आणि फाइलीत नाही, ते काढून टाकतं. आपला नियम फाइलीत नव्हता. टूलच्या दृष्टीने तो कचरा होता, आणि कचरा काढणं हेच त्याचं काम आहे.

नियम हवाच असेल तर फाइलीत लिहा. प्रत्येक बदल दुसऱ्या कोणीतरी वाचून मंजूर करावा अशी शिस्त मी घातली आहे, म्हणजे संस्थेच्या मोठ्या मॅडम तो बघतील. फाइल साध्या मराठीत वाचावी इतकी सोपी ठेवली आहे. रोशनीसुद्धा वाचू शकेल.

तिचा विषय निघालाच आहे म्हणून. लग्नाला दोन वर्षं होतील. मी रोज संध्याकाळी तिच्याशी बोलायला बसतो आणि रोज बरोबर आपल्याच तपासणीच्या वेळेला माझं चित्र फाटतं. हा योगायोग आहे असं मी अजून तरी धरून चाललो आहे.

सासूबाईंना नमस्कार.

आपला,
हेमकांत


तळोदा, ६ मे २०२६

जावईबापू,

तुमचं पत्र सरलाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी निम्म्यातच हात जोडले. मग मी तुम्हाला काय उत्तर देणार ते वाचून दाखवलं, तेव्हा मात्र चिडल्या. "जवाईले असं लिखतस का कोनी? पाव्हना शे तो." मी म्हणालो, पाहुणा आहे म्हणूनच एवढं सौम्य लिहितो आहे.

म्हणजे तुम्ही लिहून ठेवायचं की जाळं असं असावं, आणि झोपायचं. झकास. तुमचे वडील प्रकाशा गावी तापीकाठी केळी करतात. त्यांनी कधी "बागेत केळी असावीत" अशी पाटी लावून घरी जाऊन ताणून दिली का? विचारा त्यांना. मला उत्तर नको, मी त्यांचे हात पाहिले आहेत.

आता गंमत ऐका. तुमची फाइल इतकी सोपी आहे म्हणालात, म्हणून मी संस्थेच्या कचेरीत बसून ती वाचली. खरंच सोपी आहे. पहिल्या मानाला एक नाव दिसलं: "पुणे-देखरेख". वा! पुण्याहून देखरेख! मोठ्या मॅडमनी पण मान डोलावून मंजूर केलेली. मग त्याच्यापुढचा पत्ता बघितला. तो तुमच्या कंपनीचा नाही, संस्थेचा तर नाहीच. तुमच्या राहत्या फ्लॅटचा आहे. म्हणजे जावईबापू संध्याकाळी पाय पसरून बायकोशी गप्पा मारतात, त्याचं नाव देखरेख. आणि डोंगरातली एकुलती एक जलद वाट त्या गप्पांना आंदण.

माझ्या नियमाला तुम्ही कचरा म्हणालात. ठीक. काल मी राउटरमधून तुमच्या टूलची चावीच काढून टाकली. पासवर्ड बदलला हो. आता त्याला म्हणावं बस ताडत. माझा तपासणीचा नियम पुन्हा जागेवर आहे आणि पहिल्या मानाला आहे.

कर्तव्य म्हणून पुढचं लिहितो. येत्या सतरा तारखेपासून धोंड्याचा महिना लागतो. जावयाला वाण देण्याची रीत आहे. तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, कपडे. तांदूळ भिजत घालायला काढले आहेत. रोशनीला घेऊन यावं ही विनंती. जाळीदार अनारसा फाइलीत लिहून होत नाही, त्यामुळे सरलाबाईंना तो हाताने करावा लागेल. चालवून घ्या.

रूपचंद पाटील


पुणे, १३ मे २०२६

मामा,

निमंत्रणाबद्दल आभार. बाकीच्या पत्राबद्दल आभार मानता येत नाहीत.

पासवर्ड बदलून आपल्याला वाटलं असेल की किल्ला सर केला. तो मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत परत घेतला, डबा अर्धा व्हायच्या आत. शिवाय टूल पंधरा मिनिटांनी ताडायचं ते आता दर एक मिनिटाने ताडतं. आपण टाका, ते पुसेल. आपण पुन्हा टाका, ते पुन्हा पुसेल. आपलं वय बघता दम आधी कोणाला लागेल हे सांगायला नको.

आणि आपल्या "तपासणी"बद्दल. आपण माझा पत्ता शोधलात म्हणून मीही आपला शोधला. तपासणी नावाचा नियम तळोद्याच्या कचेरीत येत नाही. तो आपल्या घरात येतो, देवघराशेजारच्या फळीवर ठेवलेल्या राउटरपाशी. गेल्या दिवाळीला तो मीच बसवून दिला होता, त्यामुळे नंबर पाठ आहे. म्हणजे तीस वर्षं खात्याची सेवा केलेला माणूस संस्थेची जलद वाट स्वतःच्या लेकीचं तोंड बघायला वापरतो, आणि नाव देतो तपासणी. मी निदान नवरा आहे.

स्पष्टच लिहितो. रोशनीने तिथे राहण्यात काही अर्थ उरलेला नाही. गावात सेवा करण्याच्या बंधपत्राची मुदत संपली. पुण्यात दोन रुग्णालयं तिला घ्यायला तयार आहेत. तिने राजीनामा दिला तरच मी धोंड्याला येईन, आणि येताना तिला घेऊनच परत जाईन. ती आपल्यामुळे थांबली आहे. रोज फोनवर चेहरा दाखवून, रडून, आपण तिला धरून ठेवलं आहे. डोंगरातल्या चार पाड्यांना औषधाच्या गोळ्या वाटायला दुसरं कोणीही मिळेल.

सतराला संध्याकाळी मी तिला शेवटचं विचारणार आहे. त्या वेळी तरी तपासणी करू नये.

हेमकांत


तळोदा, २१ मे २०२६

जावईबापू,

ही आता कसली नवी तऱ्हा?

सतरा तारखेला धोंड्याचा पहिला दिवस, म्हणून संध्याकाळी रोशनीला फोन लावला. वाणाला कधी येतेस एवढंच विचारायचं होतं. त्यासाठी तुमच्या टूलशी चार वेळा झोंबलो. पाचव्या वेळी नियम घातला आणि तो पुसला जायच्या आत कॉल लावला. इतकं स्वच्छ चित्र लागलं की तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसलं. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि फोन कापला. एक शब्द नाही. पोटच्या पोरीने बापाचा फोन कापला, याला जबाबदार तुम्ही. तुम्हीच काहीतरी बोलून तिचं डोकं फिरवलं असणार.

त्या दिवसापासून सगळंच बिघडलं आहे. माझा नियम मिनिटभरसुद्धा टिकत नाही. ते समजू शकतो, तुमचा तो धंदाच आहे. पण आता आमच्या घरचा फोन पक्का टॉवरच्या वाटेवर बसला आहे. रोशनीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि तोही दोन वाक्यांचा. "पप्पा, कामात आहे." झालं. सरलाबाईंनी अनारशाचं उरलेलं पीठ तसंच झाकून ठेवलं आहे.

आज बाजारात जीपवाला गुलाबसिंग भेटला. त्याने रविवारी वरून एका बाईला आणि तिच्या बाळाला खाली आणलं म्हणे, अंधार पडल्यावर. त्याच्या शेजारी बसलेला भाजीवाला मला म्हणाला, "तुम्हनी पोरना हात कोपरलगून रगतमा भरेल व्हतात, भाऊ." मी विचारलं, रक्त कसलं, काय झालं? गुलाबसिंग म्हणाला, तिलाच विचारा.

मी बाप आहे आणि मला जीपवाल्याकडून कळतं. तुम्हाला काही ठाऊक असेल तर लपवू नका.

रूपचंद


पुणे, २५ मे २०२६

मामा,

मला काही ठाऊक नव्हतं. मीही सतराला फोन लावला होता, आपल्या आधी. मलाही चित्र अगदी स्वच्छ लागलं. मी राजीनाम्याचं विचारलं, तिने पुढे बोलूच दिलं नाही. मला वाटलं आपण शिकवून ठेवलं आहे.

आपला फोन मी अडवलेला नाही. माझाही टॉवरवरूनच चालला आहे. "पुणे-देखरेख" फाइलीतून गेली आहे, आणि ती आपण काढलेली नाही. फाइलीत शिरून बदल करण्याइतकं आपल्याला अजून जमत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

फाइलीत कोणी, कधी, काय बदललं हे सगळं नोंदलेलं असतं. मी ते उघडून नाव बघितलं, आणि लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिला विचारलं. म्हणाली, दोघांनाही पोस्टाने लिहिते, तुम्हाला तीच भाषा समजते.

तोवर राउटरला हात लावू नका. मीही लावत नाही.

हेमकांत


मोलगीच्या वर, २९ मे २०२६

पप्पा आणि हेमकांत,

एकच पत्र लिहिलं आहे. एक प्रत तळोद्याला, एक पुण्याला. दोघांना वेगवेगळं लिहिण्याइतका वेळ मला नाही आणि इच्छाही नाही. तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. तुम्ही दोघंही मला त्यांचे फोटो पाठवत होतात, समोरच्याचा आगाऊपणा मला दिसावा म्हणून. दिसला. दोन्ही बाजूंचा.

सतराच्या संध्याकाळी इथल्या पाड्यावरची फुलीबाई केंद्रात बाळंत झाली. बाळ ठीक होतं. वार पडली, पण रक्त थांबेना. बंधपत्राची मुदत संपलेली, गोळ्या वाटणारी ती मी, हेमकांत. रक्त थांबत नसेल तर काय करायचं ते मी पुस्तकात वाचलं आहे, दुसऱ्याला करताना बघितलं आहे. माझ्या हाताने कधी केलं नव्हतं. म्हणून नाशिकच्या मोठ्या डॉक्टरबाईंना व्हिडिओवर घेतलं. त्या शांतपणे दाखवत होत्या. एक मूठ आत अशी, दुसरा हात पोटावरून असा, आणि मध्ये गर्भाशय दाबून धरायचं. मनगट कसं वळवायचं ते दाखवायला त्यांनी हात कॅमेऱ्यासमोर आणला.

आणि चित्र थिजलं. अर्धा हात तसाच पडद्यावर राहिला. आवाज गेला.

मग पडदा उजळला; इथे आलेला कॉल आपोआप उघडतो. हेमकांत, तू होतास. केस विंचरलेले, मागे पुस्तकांचं कपाट. तू म्हणालास, "राजीनाम्याचं काय ठरलं?" आमच्या नर्स रमिलाबाईने कोपराने बटण दाबून तुला घालवलं. पुन्हा डॉक्टरबाईंचा तोच अर्धा हात. तो हलायला लागला न लागला तोच पुन्हा पडदा उजळला, आणि पप्पा, तुम्ही. हातात अनारशाचं ताट धरून, हसत. मी या केंद्रात आल्यापासून इतकं स्वच्छ चित्र कधी बघितलं नव्हतं. ताटातली खसखस दिसत होती मला. तुम्हालाही रमिलाबाईनेच घालवलं.

मी त्या वेळी किती घाबरले होते ते तुम्हाला सांगणार नव्हते, पण सांगते. मला वाटलं ही बाई माझ्या हातात जाणार, आणि शेवटचं म्हणून मला खसखस आठवणार. रमिलाबाई म्हणाली, "मॅडम, हात काढू नका. चुकला तरी चालेल, काढू नका." मी काढला नाही. जेवढं दिसलं होतं त्यावर धरून ठेवलं. रक्त हळूहळू कमी झालं. गुलाबसिंगच्या जीपमध्ये मी तशीच फुलीबाईशेजारी बसून तळोद्याच्या रुग्णालयापर्यंत गेले, पप्पा, तुमच्या घरावरूनच. फुलीबाई वाचली. तुम्हा दोघांमुळे नाही, तुम्ही दोघं असूनही.

दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडली. रोशनीसुद्धा वाचू शकेल, असं तू लिहिलं होतंस ना? वाचली. सोपी आहे. एक "देखरेख" होती. मग राउटर बघितला, तिथे एक "तपासणी" येत-जात होती. माझा नवरा आणि माझा बाप, दोघांनी मिळून आजाऱ्यांची वाट आपापल्या नावावर करून घेतली होती, आणि मग आपापसांत भांडत होते की चोर कोण.

लाज वाटली. तुम्ही माझे आहात याची.

मी फाइलीत चारच ओळी लिहिल्या. वरच्या केंद्रातून कोणत्याही डॉक्टरशी होणारं बोलणं पहिल्या मानाचं, कायम फायबरवर. दवाखान्याचं बाकी काम दुसरं. डॉक्टरीणबाईंचं माहेर आणि डॉक्टरीणबाईंचं सासर, दोन्ही सरसकट टॉवरवर; खोटं नाव नाही, जे आहे तेच लिहिलं. मोठ्या मॅडमनी वाचलं, मंजूर केलं, आणि पुढे कोणीही यात बदल पाठवला तर आधी मला विचारायचं असंही ठरवलं.

हेमकांत, मी राजीनामा देणार नाही. हे मी पप्पांसाठी करत नाही. पप्पा, मी इथे तुमच्यासाठी थांबलेली नाही. तुम्ही रडून दाखवता तेव्हा मला राग येतो. मला माझं काम येतं आणि इथे ते लागतं, एवढंच आहे.

माझ्याशी बोलायचं असेल तर वर या. मोलगीपर्यंत जीप मिळते, पुढे गुलाबसिंग आणेल. धोंड्याचं वाण इथेच घ्या-द्या. आईला म्हणावं अनारसे जास्त कर, फुलीबाईच्या घरी द्यायचे आहेत. अट एकच: दोघांनी तळोद्याहून एकाच जीपमध्ये, शेजारी बसून यायचं. जीपमध्ये वीस माणसं असतात, भांडायला जागा राहत नाही.

आणि टूल दर मिनिटाला ताडतं, ते मी तसंच ठेवलं आहे. हेमकांत, तूच करून दिलंस. पप्पा, तुमचा हात शिवशिवत असेल तर माझ्या ओळी एकदा पुसून बघा. मिनिटाभरात परत येतील.

रोशनी